बेगमी : साथीच्या दिवसांतील घराचा इतिहास

'बेगमी' हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की तो बाहेरून आला, याची आठवणही आता कुणाला राहिलेली नाही. फारसीतला 'बे' आणि अरबीतला 'गम' मिळून हा शब्द झाला. त्याचा मूळ अर्थ निश्चिंतपणा. मराठीने तो अर्थ एक पाऊल पुढे नेला. घरात चार महिन्यांचे धान्य, मीठ-मिरची, लाकूडफाटा भरून ठेवला की घरधनीण निश्चिंत होते, म्हणून त्या साठवणीलाच मराठी माणूस बेगमी म्हणू लागला. कोकणातल्या आपल्या घरांत याच तयारीला आगोट म्हणतात. पाऊस लागण्यापूर्वी तांदूळ, सुके बोंबील, सोडे, आमसुले, वाळवलेल्या गोवऱ्या जागच्या जागी लागल्या पाहिजेत, हे तिथल्या दादी-नानींना कुणी शिकवावे लागत नसे. मृगाच्या सरी आल्या, खाडीचे पाणी चढले आणि होड्या बंद झाल्या तरी चुलीवरचे भांडे रिकामे राहत नसे.

पावसाळ्याच्या बेगमीचे हे शहाणपण आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहे. पण साथीचे काय? रोगाच्या भीतीने दार लावून महिना-महिना घरात बसायची वेळ आली तर घराने कोणती तयारी करावी, हा प्रश्न २०२० साली आपल्या प्रत्येकापुढे अचानक उभा राहिला. तेव्हा अनेकांना वाटले की हे संकट नवे, हा हुकूम नवा आणि 'क्वारंटीन' हा शब्दही परका. वस्तुत: यातले काहीच नवे नव्हते. दार लावणाऱ्या घरांचा इतिहास जुना आहे, आणि त्यातली काही पाने आपलीही आहेत.

सर्ग येथील निर्णय

हिजरी सन १७-१८ च्या सुमारास, म्हणजे इ.स. ६३८-६३९ मध्ये, शाम देशात प्लेगची मोठी साथ आली. जेरुसलेमजवळच्या अमवास या गावावरून ती 'ताऊन-ए-अमवास' म्हणून ओळखली जाते. हजरत उमर (रजि.) त्या वेळी मदीनेहून शामकडे निघाले होते. सर्ग या ठिकाणी सेनापती हजरत अबू उबैदा (रजि.) आणि इतर सरदार त्यांना भेटले व त्यांनी साथीची खबर दिली. हजरत उमर (रजि.) यांनी आधी मुहाजिरांशी, मग अन्सारांशी सल्लामसलत केली. मते फुटली. कुरैशच्या वडीलधाऱ्यांना विचारले तेव्हा सर्वांनी एकमुखाने परत फिरण्याचा सल्ला दिला आणि तोच निर्णय झाला.

अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले की हे अल्लाहने लिहिलेल्या नशिबापासून पळणे नव्हे काय? हजरत उमर (रजि.) यांच्या उत्तराचा आशय असा होता की आपण अल्लाहच्या एका निर्णयाकडून त्याच्याच दुसऱ्या निर्णयाकडे जात आहोत. समजा, एका दरीची एक बाजू हिरवी आहे आणि दुसरी उजाड. उंट कोणत्याही बाजूला चारला तरी तो अल्लाहच्या मर्जीनेच चरेल. पण शहाणा मेंढपाळ कोणती बाजू निवडील, हे उघड आहे. पुढे हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) आले आणि त्यांनी प्रेषित हजरत मुहम्मद (सल्ल.) यांची शिकवण सांगितली : जिथे साथ आहे त्या प्रदेशात जाऊ नये आणि आपण असू तिथे साथ आली तर तिच्यापासून पळ काढण्यासाठी तिथून बाहेर पडू नये.

ही हदीस २०२० मध्ये आपण सर्वांनी शेकडो वेळा ऐकली. मात्र तिच्याच जोडीने येणारी दुसरी एक हदीस तितकी सांगितली गेली नाही. हजरत आयेशा (रजि.) यांच्याकडून आलेल्या त्या हदीसचा आशय असा की साथीच्या काळात जो माणूस सब्र करून, अल्लाहवर भरवसा ठेवून आपल्या ठिकाणीच थांबतो, त्याला शहीदाचे पुण्य मिळते. सहीह बुखारीत इथे 'आपल्या शहरात' असा शब्द आहे, तर मुस्नद अहमदमधील एका रिवायतीत 'आपल्या घरात' असा शब्द आहे. घरात थांबण्याला एवढा मोठा दर्जा दिला गेला, याचा अर्थ घरात थांबणे अवघड असते, हे तेव्हाही ठाऊक होते.

घरात थांबायचे तर घरात काहीतरी असले पाहिजे. बनू नझीरच्या खजुरीच्या बागांच्या उत्पन्नातून प्रेषित (सल्ल.) आपल्या घरच्यांसाठी वर्षभराचे धान्य बाजूला ठेवीत असत, असे हजरत उमर (रजि.) यांनी सांगितल्याची नोंद हदीसमध्ये आहे. म्हणजे बेगमी करणे तवक्कुलच्या विरुद्ध नाही. सूर: यूसुफमध्ये हजरत यूसुफ (अलै.) मिसरच्या बादशहाला सांगतात की सुकाळाच्या सात वर्षांत खाण्यापुरते धान्य काढून घ्या आणि बाकीचे कणसातच राहू द्या. धान्य कणसात राहिले तर अधिक टिकते, हे कोणताही शेतकरी सांगेल. त्याच वेळी 'इहतिकार', म्हणजे भाव वाढावा म्हणून धान्य दाबून ठेवणे, याला इस्लामने गुनाह ठरवले आहे. घरच्या तोंडांपुरते साठवणे वेगळे आणि शेजाऱ्याच्या ताटातले ओढून साठवणे वेगळे, ही रेषा तेव्हापासून आखलेली आहे.

शामदेशी साथ होती तेव्हा अरबस्तानात 'आम-उर-रमादा' नावाचा भीषण दुष्काळही होता. हजरत उमर (रजि.) यांनी त्या काळात तूप खाणे सोडले होते आणि प्रांतांकडे धान्य मागितले होते. अबू उबैदा (रजि.) यांनी शामहून मदीनेला धान्याचे उंट पाठवले. नंतर हेच अबू उबैदा (रजि.) अमवासच्या साथीत मरण पावले. त्यांच्यानंतर हजरत मुआज बिन जबल (रजि.) हेही गेले. अखेर हजरत अम्र बिन अल-आस (रजि.) यांनी लोकांना डोंगरांवर पांगण्याचा हुकूम दिला आणि साथ ओसरली.

सले शहरातील विटांनी बुजवलेले दार

चौदाव्या शतकात जगावर काळ्या मृत्यूची साथ कोसळली. १३४८-४९ या काळात ती अंदलूस आणि मगरिबमध्ये पोचली. ग्रनाडाचे विद्वान वजीर लिसानुद्दीन इब्न अल-खतीब यांनी या साथीवर एक छोटा ग्रंथ लिहिला. रोग माणसाकडून माणसाकडे जातो की नाही, यावर त्या वेळी उलमांमध्ये वाद होता. इब्न अल-खतीब यांनी अनुभवाची साक्ष काढली : रोग्याच्या संपर्कात येणारा आजारी पडतो, न येणारा वाचतो, रोग्याचे कपडे, भांडी वापरणारा सापडतो, आणि शहरापासून दूर तंबूत राहणारे भटके सुखरूप राहतात.

याच ग्रंथात त्यांनी सले या मोरोक्कोच्या बंदरातील इब्न अबी मदयन नावाच्या एका पापभीरू गृहस्थाची हकीकत दिली आहे. रोग संसर्गाने पसरतो, असे या गृहस्थांचे मत होते. त्यांनी दीर्घ काळ पुरेल इतकी शिधासामग्री घरात भरली आणि आपल्या मोठ्या कुटुंबासह आत राहून घराचे दार विटांनी चिणून घेतले. शहर ओस पडत गेले, पण त्या घरातला एकही जीव दगावला नाही. घरबंदीच्या इतिहासात इतके स्पष्ट उदाहरण क्वचित सापडते.

हे उदाहरण वाचताना दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली अशी की ज्याच्याकडे दीर्घ काळाचे धान्य विकत घेण्याची ऐपत होती आणि ज्याचे काम घराबाहेर पडल्याशिवाय चालत होते, तोच दार चिणू शकला. सलेच्या बंदरातला हमाल हे करू शकला नसता. दुसरी गोष्ट अशी की ज्यांना दार चिणता आले नाही त्यांना निदान गर्दी टाळता आली असती. पण तिथेही चूक होत गेली. कैरो येथील थोर हदीसतज्ज्ञ इब्न हजर अस्कलानी यांनी प्लेगवर ग्रंथ लिहिला. या रोगाने त्यांच्या मुली हिरावून नेल्या होत्या. हिजरी ८३३ (इ.स. १४३०) मधील एक घटना त्यांनी नोंदवली आहे. कैरोमध्ये रोज चाळिसाच्या आत माणसे मरत होती. लोकांनी तीन दिवस रोजे ठेवले, मग मैदानात एकत्र जमून दुआ केली आणि परतले. तो महिना संपेपर्यंत रोजच्या मृत्यूंचा आकडा हजारावर गेला. दुआ एकट्याने, घरात करता येते. एका मैदानात सारे शहर लोटणे तिच्यासाठी आवश्यक नाही, हे इब्न हजर यांच्यासारख्या आलिमाच्या लेखणीतून आलेले आहे, म्हणून त्याचे मोल अधिक.

पुढे युरोपातील बंदरांनी नियम केले. रगुसा, म्हणजे आजचे दुब्रोवनिक, येथे १३७७ मध्ये बाहेरून येणाऱ्यांना तीस दिवस वेगळे ठेवण्याचा कायदा झाला. पुढे ही मुदत चाळीस दिवसांची झाली आणि व्हेनिसच्या बोलीतील 'चाळीस'वरून 'क्वारंटीन' हा शब्द रूढ झाला. उर्दूत तो 'करंतीना' म्हणून आला. मुस्लिम जगात या पद्धतीवर बराच खल झाला. १८२६ मध्ये मिसरचे रिफाआ तहतावी फ्रान्सला निघाले तेव्हा मार्सेयच्या बंदरात त्यांना करंतीना पाळावा लागला. आपल्या प्रवासवर्णनात त्यांनी हे लिहिले आणि करंतीना जायज की नाजायज यावर मगरिबमधील दोन आलिमांत झालेला वादही नोंदवला. त्यातला एक तो निषिद्ध मानत होता, तर दुसरा कुरआन-हदीसच्या आधारानेच त्याचे समर्थन करीत होता. अल्जीरियाचे हमदान खोजा यांनी १८३६ च्या सुमारास साथीपासून बचाव करणे शरीअतला धरून आहे, हे सांगणारा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. १८३८ मध्ये उस्मानी दरबाराने अधिकृत आरोग्य मंडळच नेमले. म्हणजे 'हा गोऱ्यांचा कायदा' असे म्हणून झटकून टाकावा, अशी ही बाब आपल्या पूर्वजांनी मानली नव्हती. त्यांनी तिच्यावर वाद केला, विचार केला आणि ती स्वीकारली.

लंडनचे कुलूप आणि ईमची सीमा

१६६५ मध्ये लंडनला प्लेगने गाठले. ज्या घरात रोगी सापडे त्या घराला बाहेरून कुलूप लावले जाई, दारावर लाल फुली काढली जाई आणि रात्रंदिवस पहारेकरी बसवला जाई. रोगी आणि निरोगी, आई आणि तान्हे मूल, सारे एकत्र आत. लोक भिंती फोडून, छपरावरून, पहारेकऱ्याला लाच देऊन पळत. त्या वर्षी लंडनमध्ये अधिकृत नोंदीप्रमाणेच ६८ हजारांहून अधिक माणसे प्लेगने मेली.

याच साथीत डर्बीशायरमधील ईम नावाच्या खेड्यात वेगळे काही घडले. लंडनहून आलेल्या कापडाच्या गाठोड्याबरोबर तिथे प्लेग आला, असे सांगतात. १६६६ च्या उन्हाळ्यात धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन यांच्या सांगण्यावरून गावकऱ्यांनी स्वतःहून ठरवले की आपण सीमेबाहेर पाऊल टाकायचे नाही, म्हणजे आसपासची गावे वाचतील. पण खायचे काय? डेव्हनशायरच्या अर्लने धान्य पाठवले. शेजारच्या गावांतले लोक सीमेवरच्या दगडापाशी अन्न ठेवून जात. गावकरी तिथे दगडातल्या खळग्यात व्हिनेगर घालून नाणी ठेवीत. सुमारे २६० माणसे मेली. मॉम्पेसन यांची पत्नीही त्यांत होती.

लंडनमध्ये कुलूप बाहेरून होते, ईममध्ये कडी आतून होती. आणि ईमची कडी टिकली ती शेजारच्या गावांनी भाकरी पोचवली म्हणून.

इथे एक शास्त्रीय बाब सांगणे आवश्यक आहे. प्लेगचा जंतू उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवले आणि १९०५ नंतर मुंबईतील प्लेग संशोधन आयोगाच्या कामाने ते पक्के झाले. म्हणजे ज्या घरात उंदीर मरून पडत आहेत त्या घरात माणसे कोंडणे हा उपाय चुकीचा होता. घर सोडून माळावर जाणे हा खरा उपाय. अम्र बिन अल-आस (रजि.) यांचा डोंगरावर पांगण्याचा हुकूम आणि महाराष्ट्रातील खेड्यांनी उंदीर पडू लागताच रानात घातलेल्या झोपड्या, दोन्हींत तोच व्यवहार दिसतो. श्वासातून पसरणाऱ्या रोगाचे गणित वेगळे. तिथे दार लावून बसण्यात अर्थ आहे. घराची तयारी करण्यापूर्वी रोग कसा पसरतो हे जाणून घेणे ही पहिली बेगमी.

मुंबईतील घरे

आता आपल्या दाराशी येऊ. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे निदान केले. धान्याच्या वखारी, बंदर आणि दाटीवाटीच्या चाळी यांचा हा भाग. ऑक्टोबरमध्ये पालिका आयुक्तांनी रोग्यांना सक्तीने रुग्णालयात नेण्याचा आणि घरे धुऊन काढण्याचा हुकूम काढला. महिनाअखेरीस गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला आणि सरकारला सक्ती काहीशी सैल करावी लागली. पण ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला आणि अधिकारी पुन्हा घरांत शिरले. मुंबईत जनरल गॅटेकर यांची प्लेग समिती आली, पुण्यात रँड यांची. लाखो लोक मुंबई सोडून गेले.

या कायद्याखाली काय झाले? तपासणीचे पथक गल्लीत येई. रोगी रुग्णालयात जाई, घरची निरोगी माणसे विलगीकरणाच्या छावणीत जात. प्रकाश यावा म्हणून छपराची कौले काढली जात, अंथरुणे-कपडे जाळले जात, भिंतींवर कार्बोलिक मारले जाई आणि राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरावर इंग्रजी अक्षरांची खूण रंगवली जाई. कमावता माणूस छावणीत, घर उघडे, सामान जळालेले. पुण्यात तर गोरे सैनिक थेट माजघरात शिरत. पुढे २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या, ही कथा शाळेतली मुलेही जाणतात.

मुस्लिम मोहल्ल्यांत पडद्याचा प्रश्न सर्वांत नाजूक होता. परक्या पुरुषाने घरातल्या बाईची काख-जांघ तपासायची, ही कल्पनाच असह्य होती. त्यात मयताचे गुस्ल, कफन, जनाजा नीट होईल की नाही ही भीती. परिणामी लोक रोगी लपवू लागले, मयत गुपचूप दफन करू लागले. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या विणकरांच्या वस्तीत तपासणी पथक एका आजारी मुलीसाठी गेले. घरच्यांनी नकार दिला, जमाव जमला, दगडफेक झाली, गोळीबार झाला, माणसे मेली आणि दंगल शहराच्या इतर भागांत पसरली.

या घटनेकडे 'अडाणी लोकांचा दंगा' म्हणून पाहण्याची रीत होती. त्या विणकराच्या जागी उभे राहून पाहिले तर चित्र बदलते. त्याचा माग घरातच होता. घर सोडले की माग बंद, माग बंद की चूल बंद. मुलगी गेली तर ती कुठे गेली, तिची देखभाल कोण करील, ती परत येईल का, याचे उत्तर त्याला कुणी देत नव्हते. वेगळे राहण्याचे वावडे त्याला असेल-नसेल. पण वेगळे राहिल्यावर आपले काय होईल, याचा भरवसा त्याला नव्हता.

जिथे भरवसा होता तिथे लोक पुढे आले, याचेही दाखले त्याच मुंबईत आहेत. डॉ. हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. तरुण आगाखान तिसरे यांनी लोकांसमोर ती टोचून घेतली, हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी आपला बंगला दिला आणि हजारो खोजा स्त्री-पुरुष लस घ्यायला आले. वेगवेगळ्या समाजांना आपापली रुग्णालये उघडण्याची मुभा मिळाली, तेव्हा जे लोक सरकारी रुग्णालयाच्या नावाने थरथरत ते आपल्या माणसांच्या रुग्णालयात जाऊ लागले. पुण्यात सावित्रीबाई फुले रोग्यांना डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात पोचवत राहिल्या आणि त्याच प्लेगने १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. १८९८ नंतर सरकारनेही सक्तीपेक्षा स्थानिक लोकांच्या सहकार्यावर भर देण्याचे धोरण हळूहळू स्वीकारले.

उर्दू साहित्यात या दिवसांचे मर्म राजिंदर सिंह बेदी यांच्या 'क्वारंटीन' या कथेत उतरले आहे. प्लेगपेक्षा क्वारंटीनचीच दहशत मोठी, असे ते वातावरण आहे. कथेतला डॉक्टर भीत-भीत आपले कर्तव्य करतो आणि भागू नावाचा सफाई कामगार कसलीही भीती न बाळगता रोग्यांच्या उशाशी बसतो. शेवटी मानसन्मान डॉक्टरला मिळतो. साथीत घरे कुणाच्या जिवावर तगतात, हे बेदींनी ओळखले होते.

२०२० ची परीक्षा

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने १८९७ चाच कायदा लागू केला. परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर घरी विलग असल्याचा शिक्का मारला जाऊ लागला. २५ मार्चपासून देश बंद झाला. आधी २१ दिवस, मग पुढे, मग आणखी पुढे. २५ एप्रिलला रमजान सुरू झाला. तरावीह घरात, ईद घरात. कुवेतच्या अजानमध्ये घरीच नमाज पढण्याची सूचना ऐकू आली तेव्हा अनेकांचे डोळे भरून आले, पण मुसळधार पावसाच्या दिवशी हजरत इब्न अब्बास (रजि.) यांनी मुअज्जिनला हीच सूचना द्यायला सांगितली होती, हे हदीसच्या वाचकांना ठाऊक होते.

मालेगाव, भिवंडीचे यंत्रमाग थांबले. आठवड्याच्या मजुरीवर चालणारे घर दुसऱ्या आठवड्यातच रिकामे होते. मी उर्दू शाळेत शिकवतो. माझ्या वर्गातली बहुतेक मुले एका खोलीच्या घरात राहतात. एका खोलीत सात माणसे असताना 'रोग्याला स्वतंत्र खोली व स्वतंत्र शौचालय द्या' ही सूचना वाचून त्या आईने काय करावे? एक मोबाइल, तोही बापाचा; त्यावर तीन भावंडांचे वर्ग. दुपारच्या उन्हात पत्रा तापला की मुले दारात येणारच. त्यांना बेजबाबदार म्हणणे सोपे होते.

अशा वेळी जागा समाजाने द्यावी लागते. धारावीत पालिकेने शाळा आणि सभागृहे विलगीकरणासाठी वापरली. पुण्यात आझम कॅम्पसने आपल्या मशिदीची जागा देऊ केली. भिवंडीत एका मशिदीत ऑक्सिजनची सोय झाली. मोहल्ल्या-मोहल्ल्यांत तरुणांनी शिध्याच्या पिशव्या वाटल्या, जात-धर्म न विचारता मयतांना खांदा दिला.

पण याच दिवसांत साथीचा दोष एका समाजाच्या माथी मारला गेला. भाजीवाल्याचे नाव विचारून त्याला गल्लीबाहेर काढण्याचे प्रकार झाले. हाही प्रकार जुनाच. १३४८-४९ मध्ये युरोपात विहिरीत विष कालवल्याच्या अफवेवरून यहुद्यांची वस्तीच्या वस्ती जाळली गेली होती. तबलीगी जमातच्या परदेशी पाहुण्यांवरील गुन्हे ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेल्याचे मत नोंदवले. साथीत एका माणसाचे अन्न दुसऱ्याच्या हातून येते. त्या हाताविषयीच संशय पेरला तर सर्वांची घरे उपाशी राहतात.

आता तयारी

पुढची साथ केव्हा येईल हे अल्लाहच जाणतो. येईल तेव्हा आपली घरे कशी असावीत, याचा विचार शांत दिवसांतच व्हावा. इतिहासातून काही गोष्टी सरळ हाती लागतात.

शिधा एका झटक्यात भरू नये. महिन्याच्या सामानाबरोबर दोन किलो तांदूळ, किलोभर डाळ, थोडे पीठ, तेल, मीठ, साखर, साबण असे थोडे-थोडे जास्त घेत गेले तर काही महिन्यांत तीन-चार आठवड्यांची बेगमी होते आणि बाजारही उपसला जात नाही. जुने आधी वापरावे, नवे मागे ठेवावे. कोकणातल्या घरांत सुकी मासळी आणि आमसुले, देशावरच्या घरांत ज्वारी, कुळीथ, सांडगे, लोणची हे सारे याच हिशेबातले आहे. पाण्याची भांडी झाकून ठेवावीत. रात्री भांडी झाकण्याची ताकीद हदीसमध्ये साथीच्या संदर्भातच आलेली आहे. मधुमेह, रक्तदाब, दमा असलेल्यांची महिनाभराची औषधे डॉक्टरांना विचारून घरात असावीत. तापमापक, मिठा-साखरेच्या पाण्याचे प्रमाण, जवळच्या दवाखान्याचा क्रमांक भिंतीवर लिहिलेला असावा. रेशन कार्ड, आधार, बँकेचे पुस्तक एका पिशवीत असावे. आणि थोडे रोख पैसे. मजुरीवरच्या घराला हे सर्वांत अवघड, म्हणून तिथे बिशी किंवा मोहल्ल्याचा बैतुलमाल आधीपासून चालू असला पाहिजे.

रोग्याची जागा आधी ठरवावी. खोली एकच असेल तर खिडकीजवळचा कोपरा, मध्ये पडदा, वेगळे ताट-पेला आणि सेवा करणारा माणूस एकच. हे आपल्या बायकांना नवे नाही. बाळंतिणीचा चिल्ला आपल्या घरांत चाळीस दिवसांचाच असतो. तिचा कोपरा वेगळा, तिचे जेवण वेगळे, तिच्याकडे जाणारे हात ठरलेले आणि बाहेरून डबा घेऊन येणाऱ्या फुफी-खाला ठरलेल्या. इद्दतीत बसलेल्या विधवेचे बाजारहाट कोण करील, हेही घर ठरवतेच. चाळीस दिवस माणूस सांभाळण्याची रीत आपल्याकडे आहे. ती साथीच्या दिवसांत वापरायची एवढेच. मुलांसाठी गोष्टींची पुस्तके, पाट्या, सुई-दोरा आणि दिवसाचे वेळापत्रक हवे. मोकळा दिवस मुलांना आजाराइतकाच थकवतो.

आणि शेवटचे काम घराबाहेरचे आहे. प्रत्येक मोहल्ल्यात एक यादी असावी : एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या कोण, रोजंदारीची घरे कोणती, गरोदर बायका कुठे, कुणाचे डायलिसिस चालू आहे, कुणाच्या खोलीत जागाच नाही. यादीत मुसलमान-बिगरमुसलमान असा भेद नसावा. दार लावलेल्या प्रत्येक घराला बाहेर एक माणूस नेमून दिलेला असावा, जो उंबऱ्याशी पिशवी ठेवील आणि हाक मारील. तपासणीला येणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांबरोबर मोहल्ल्यातली एखादी शिकलेली मुलगी असावी. १८९८ मध्ये मदनपुऱ्याच्या त्या घरासमोर अशी एखादी ओळखीची बाई उभी असती तर काय झाले असते, असा विचार मनात येतोच.

हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) यांच्या कबिल्याची एक रीत हदीसमध्ये सांगितली आहे. लढाईत किंवा मदीनेत घरी असताना त्यांच्याकडचे अन्न संपत आले की ते सारे आपापल्या घरी उरलेले धान्य आणून एका कापडावर ओतीत आणि एकाच मापाने सर्वांना सारखे वाटून घेत. त्या लोकांना प्रेषित (सल्ल.) यांनी आपले म्हटले. सलेच्या इब्न अबी मदयन यांनी दार चिणून आपले कुटुंब वाचवले, ती शहाणपणाची गोष्ट होती आणि ऐपत असेल त्याने ती जरूर करावी. पण आपल्या वस्त्यांतली बहुतेक घरे दार चिणण्याइतकी भरलेली नाहीत. त्यांना अशअरींचे कापडच उपयोगी पडेल, आणि ते पसरण्याची सवय साथ येण्यापूर्वीच लावून घ्यावी लागेल.